कमळच्या काखेतला डाग

पुण्याजवळ सूसहून नांद्याकडे जाताना रस्त्याला लागून एक संशोधन संस्था आहे. जिवाणू, विषाणू आणि रोगांशी संबंध असलेली प्रथिनं यांच्यावर तिथे काम चालतं. तळमजल्यावर जिन्याच्या मागे काचसामान धुण्याची खोली आहे आणि त्या खोलीत सारजाबाई मरगळे गेली आठ वर्षं काम करते.

सारजाबाई मूळची मुळशी धरणाच्या वरच्या डोंगरावरची, गवळी धनगरांच्या सात घरांच्या वस्तीतली. लहानपण म्हशींच्या गोठ्याशेजारी गेलं. दुधाचं भांडं कसं धुवायचं हे तिला आईने चालता येऊ लागल्यावर लगेच शिकवलं होतं. राखेने घासायचं, कढत पाणी फिरवायचं, परत साध्या पाण्याने तीनदा विसळायचं आणि उन्हात पालथं घालायचं. भांड्याला नख लावून आवाज ऐकायचा. संस्थेत ती लागली झाडलोटीच्या कामावर, ठेकेदारामार्फत. बाटल्या धुणारा माणूस सोडून गेला तेव्हा चार दिवसांपुरतं तिला त्या खोलीत उभं केलं आणि ती तिथेच राहिली.

तिचं नाव झालं ते एका सुट्टीमुळे. भाचीच्या लग्नाला म्हणून ती पंधरा दिवस भावाकडे गेली होती. त्या पंधरा दिवसांत वरच्या मजल्यावर प्राजक्ता देवधर नावाच्या संशोधक बाईंच्या बाटल्यांमधल्या पेशी मरायला लागल्या. रोज नवीन पेशी घालायच्या आणि दोन दिवसांत त्या गोळा होऊन तळाला बसायच्या. औषधं बदलून झाली, पाणी तपासून झालं, यंत्राचा माणूस येऊन गेला. सारजाबाई परत आली तेव्हा रॅकवरची धुतलेली बाटली तिने उचलली, आतून बोट फिरवलं आणि दोन बोटं एकमेकांवर घासून म्हणाली, "याला साबन हाय." बदलीवरच्या पोराने बाटल्या एकदाच विसळल्या होत्या. त्या दिवसापासून प्राजक्ताच्या बाटल्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

पुढे तिला जिवाणूंचं खाणं शिजवण्याचं कामही मिळालं. तिथे त्याला मीडिया म्हणतात. सारजाबाईला टीव्हीवरचा मीडिया ठाऊक होता. हा पातेल्यातला मीडिया ऐकून तिला बरेच दिवस हसू यायचं. भुकटी तोलायची, पाण्यात कालवायची, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे माणूसभर उंचीच्या कुकरमध्ये, ठेवायची आणि कोमट झाली की गोल चपट्या बश्यांमध्ये ओतायची. दह्याच्या विरजणातही असेच जीव असतात असं प्राजक्ताने तिला सांगितलं तेव्हा तिला फारसं नवल वाटलं नाही. विरजण जिवंत असतं हे तिच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. थंडीत ते गारठतं म्हणून तिची आई त्याला घोंगडीत गुंडाळून ठेवायची.

प्राजक्ता पस्तिशीची, उंच, कायम घाईत असलेली. डबा आणायची आणि खायला विसरायची. सारजाबाई साडेतीन वाजता तिच्या टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहायची, की ती निमूट डबा उघडायची. पलीकडच्या खोलीत निषाद नावाचा तिचा सहकारी संशोधक बसायचा. त्याच्या हाताला कधी हातमोजे नसत, पुढ्यात बाटली नसे, दिवसभर संगणक. तो ऑफिसातला कारकून असावा असं सारजाबाईला वर्षभर वाटत होतं. मग एकदा त्याच्या पडद्यावर तिने रंगीत फितींचा गुंता पाहिला आणि म्हशीचं दावं गुंतल्यावर दिसतं तसं हे काय म्हणून विचारलं. तो म्हणाला, हे प्रथिन आहे, जंतूच्या अंगावरचं. बाटलीत जे दिसत नाही ते मी इथे हिशेबाने उलगडून बघतो. तेव्हापासून ती त्याच्या खोलीतून जाताना गुंता सुटला का, असं विचारायची.

या सगळ्या वर्षांत आपल्याला एक मुलगी होती, हे सारजाबाईने तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं.

मुलीचं नाव कमळ. आजीचं नाव ठेवलेलं. थोरला सुधीर आणि पाठची कमळ. दोन हजार अकरा साली, भादव्यात, नऊ वर्षांच्या कमळला ताप आला. डोंगरावर तेव्हा गवत कमरेएवढं असतं. पोरगी शाळा सुटली की म्हशींमागे जायची आणि दमली की गवतातच आडवी व्हायची. ताप आला तो उतरेना. डोकं दुखतंय म्हणून ती दोन्ही हातांनी कपाळ आवळून धरायची. डोळे लाल झाले. तिसऱ्या दिवशी सारजाबाई ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत होती तेव्हा डाव्या काखेत तिला एक डाग दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, मधे काळी खपली, भोवती लाल कडं. हे कसलं, म्हणून तिने विचारलं तर पोरीलाच ठाऊक नव्हतं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं.

त्याच संध्याकाळी सारजाबाई खालच्या वाडीतल्या भगताकडे गेली. एकटीच गेली आणि कागदाच्या पुडीत अंगारा घेऊन आली. तो कमळच्या कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी पोरीला झोळीतून खाली आणलं, जीप मिळवली आणि पुण्यातल्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी कमळचा हात वर केला, काख पाहिली आणि ते थांबले. हट्टी तापाला सळई तापवून चटका द्यायची जुनी रीत काही वस्त्यांमध्ये असते, तिला डाग देणं म्हणतात. डॉक्टरांनी तसं बरंच पाहिलं असावं. त्यांनी सारजाबाईला विचारलं, पोरीला कुणी डागलं? ती म्हणाली, कुणी नाही. ते म्हणाले, खोटं बोलू नका, हा चटका आहे, भगताकडे नेलं होतं ना? आणि सारजाबाईच्या तोंडून "मी गेले व्हते" एवढं निघून गेलं. आपण एकटीच गेलो, पोरीला नेलं नाही, हे पुढचं वाक्य तिला बोलायला मिळालंच नाही. अशा माणसांना पोलिसांत द्यायला पाहिजे असं डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. सारजाबाईची थोरली जाऊ रत्नाबाई शेजारी उभी होती. नवरा भिवाजी खाटेच्या पायाकडे उभा होता. त्याने त्या वेळी सारजाबाईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

कमळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

वस्तीवर कुणी भांडण केलं नाही. पण पाण्यावर ती दिसली की बायका बोलायच्या थांबू लागल्या. रत्नाबाईने एकदा दुसऱ्या कुणाला सांगताना, सारजाने पोरीला डागलं आणि ती हाय खाऊन गेली, असं म्हटलं आणि ते भिंतीपलीकडून सारजाबाईने ऐकलं. भिवाजी काहीच बोलला नाही. त्याने दोन म्हशी विकल्या, बिऱ्हाड बांधलं आणि नांद्यात एका मोठ्या सोसायटीत वॉचमनचं काम धरलं. सुधीर तिथल्या शाळेत गेला, मोठा झाला, आता हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. घरात सगळं होतं. फक्त कमळचं नाव कुणी काढायचं नाही. तिचा एक फोटो होता शाळेतला, तो ट्रंकेत तळाला, साडीच्या घडीत राहिला.

बारा वर्षं अशी गेली.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात प्राजक्ताने एक नवीन काम हाती घेतलं होतं. डोंगरातल्या गावांमध्ये पावसाळ्याअखेरीस येणारा एक ताप. आरोग्य खात्याच्या सेविकांना त्याची माहिती द्यायची म्हणून तिने मराठीत एक तक्ता बनवला. शब्द फार पुस्तकी तर झाले नाहीत ना, हे तिला गावच्या बाईकडून तपासून घ्यायचं होतं. म्हणून जेवणानंतर ती तक्ता घेऊन खाली बाटल्यांच्या खोलीत आली आणि तो टेबलावर पसरून म्हणाली, "मावशी, हे वाचून सांगा बरं, तुमच्याकडच्या बायकांना कळेल का?"

सारजाबाईला अक्षरं जुळवून वाचता यायचं. पण तिचं लक्ष अक्षरांकडे गेलं नाही. तक्त्याच्या मधोमध एक मोठा फोटो होता. कुणाची तरी काख, आणि काखेत काळी खपली, भोवती लाल कडं.

तिने खपलीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "याला कुनी डागलं?"

"कुणीच नाही," प्राजक्ता म्हणाली. "किडा चावला की ते आपोआप होतं. दुखत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही."

सारजाबाई खाली फरशीवर बसली. तिला चक्कर आली असं वाटून प्राजक्ताने पाणी आणलं. सारजाबाईने पाणी घेतलं नाही, पेला नुसता हातात धरला आणि सांगायला सुरुवात केली. भादवा, गवत, काख, अंगारा, वॉर्ड. ओल्या बाटल्यांनी भरलेली ट्रॉली तशीच उभी राहिली. प्राजक्ताही तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली होती, पांढऱ्या कोटासकट.

सांगून झाल्यावर सारजाबाईने एकेक करून विचारलं. प्राजक्ताने सांगितलं की या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. उवेहून बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा असतो, गवतात आणि झुडपांत. उंदरांच्या अंगावर तो जगतो आणि माणूस गवतात बसला की माणसालाही चावतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, जिथे कातडी मऊ तिथे. चावताना त्याच्या लाळेतला जिवाणू माणसाच्या अंगात उतरतो.

"औशद हाय का याला?"

"आहे. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्या."

"तवा हुत्या का त्या गोळ्या?"

खोटं बोलणं प्राजक्ताच्या स्वभावात नव्हतं. "होत्या, मावशी," ती म्हणाली. "खूप वर्षांपासून आहेत."

सारजाबाईने पेला खाली ठेवला. मग तिने जे विचारलं त्यासाठीच ती बारा वर्षं थांबली होती म्हणा ना. माझ्या लेकीला हेच झालं होतं का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

"तिचं रक्त आपल्याकडे नाही, कुठली तपासणी नाही," प्राजक्ता म्हणाली. "त्यामुळे हाच आजार होता असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. तुम्ही सांगता ते सगळं जुळतंय, एवढंच म्हणता येईल. पण तुम्ही तिला डागलं नव्हतं, हे कळायला मला तपासणी लागत नाही."

त्या दिवशी सारजाबाईने एकच मागणी केली. तो तक्ता घरी न्यायला द्या.

भिवाजीची दिवसपाळी सहाला सुटायची. तो आला, हातपाय धुतले, चहा प्याला. सुधीर अजून यायचा होता. सारजाबाईने गुंडाळी सोडून तक्ता त्याच्या पुढ्यात फरशीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. भिवाजीने चष्मा लावला.

"ह्यो डाग वळखीचा वाटतो का?" तिने विचारलं.

तो वाकून बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "ही आपली कमळ हाय. फोटू कुनी काढला?"

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते नाव आलं होतं.

"कमळ न्हाई. दुसरंच कुनी हाय. किडा चावला की असा डाग पडतो. कुनी डागलेलं नसतं."

मग तिने त्याला प्राजक्ताने सांगितलेलं सगळं सांगितलं आणि त्या वॉर्डात अर्धवट राहिलेलं आपलं वाक्यही पुरं केलं. मी भगताकडं गेले व्हते, पन पोरीला न्हेलं नव्हतं. भिवाजीने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मला वाटलं व्हतं, तू न्हेलं असशील."

"मला ठावं हाय तुमाला काय वाटलं व्हतं."

"मी इचारलं न्हाई."

"न्हाई इचारलं."

तो तक्त्याकडे बघतच बोलत होता. "इचारलं असतं आन् तू व्हय म्हनाली असतीस, तर मला तुझ्यासंगं ऱ्हाता आलं नसतं. मला ऱ्हायचं व्हतं. म्हनून इचारलं न्हाई."

सारजाबाईला राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. एवढी वर्षं एकाच ताटलीतलं खाऊन हा माणूस असं मनात धरून बसला होता. पण तो राहिला होता, हेही खरंच होतं. भिवाजीने वाट्या एकेक करून उचलल्या, तक्ता नीट गुंडाळला आणि कोपऱ्यात उभा केला. मग ट्रंक ओढली, साडीच्या घडीतून फोटो काढला आणि देवांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला. सुधीर घरी आला तेव्हा तो फोटो बघून दारातच थबकला. त्याला कुणी काही सांगायच्या आधी त्याने चपला काढल्या आणि फोटोसमोर जाऊन बसला.

सप्टेंबरात प्राजक्ताची माणसं डोंगरावर जायला निघाली. सगळ्या परवानग्या आल्या होत्या. उंदरांसाठी पिंजरे होते, रक्त घ्यायचं सामान होतं, बर्फाची पेटी होती. वाट दाखवायला आणि लोकांशी बोलायला सारजाबाई. निषादलाही तिने बळेच आणलं. गुंता ज्या गवतातून येतो ते गवत तरी बघा, असं त्याला म्हणाली. तो पायमोज्यांत विजार खोचून, औषध फासून, घाबरत घाबरत चालत होता.

वस्तीवर रक्त द्यायला कुणी तयार होईना. सारजाबाईने तक्ता पसरून तो डाग सगळ्यांना दाखवला, बाही वर केली आणि पहिलं स्वतःचं काढायला लावलं. मग एकेक जण पुढे आला. रत्नाबाई मात्र आली नाही. ओट्यावर बसून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की शहरात बाटल्या धुऊन कुणी डाक्टर होत नाही. सारजाबाईने ते ऐकलं आणि प्राजक्ताला म्हशी बसायच्या त्या माळाकडे घेऊन गेली. तिथे, बांधाच्या कडेला, कमळ लोळायची ती जागा तिने दाखवली. त्याच बांधावर लावलेल्या पिंजऱ्यांत चार उंदीर सापडले. त्यांच्या कानांत नारिंगी ठिपके होते, तेच ते किडे, राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षाही बारीक. प्राजक्ताने भिंगातून ते सारजाबाईला दाखवले. तिने बघितलं आणि भिंग परत दिलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नाबाईचा मुलगा वाल्मीक याचा फोन आला. आईला पाच दिवस ताप आहे, डोकं धरून बसते, काल रात्रीपासून बरळते आहे. काकी, तुम्ही तो तक्ता दाखवला होतात ना?

सारजाबाई सुधीरसोबत गाडीने गेली. गाडी जाते तिथवर गाडी, पुढे पायी. रत्नाबाई घोंगडीवर पडली होती. तिने जावेला ओळखलंही नाही. सारजाबाईने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि शोधायला लागली. काखा पाहिल्या, कानामागे पाहिलं, मान पाहिली. काही नाही. मग तिने लुगड्याचा ओचा सैल केला. डाव्या कुशीखाली, जिथे लुगड्याची गाठ रोज आवळली जाते तिथे, काळी खपली होती आणि भोवती लाल कडं.

रत्नाबाईला झोळीतून खाली आणलं आणि सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती, नुकतीच नेमणूक झालेली. तिने झटपट होणारी तपासणी केली आणि पट्टीवर काहीच उमटलं नाही. तपासणी नाही म्हणते, मग दुसरा काही ताप असेल, असं तिला वाटायला लागलं. सारजाबाईने प्राजक्ताला फोन लावून फोन तिच्या हातात दिला. दोघी पाच-सात मिनिटं बोलल्या. पट्टी कोरी आली म्हणून आजार नाही असं होत नाही, ताप आहे, खपली आहे, डोंगरातून आलेली बाई आहे, निकालाची वाट बघू नका, असं प्राजक्ताने सांगितलं. डॉक्टरने फोन ठेवला, स्वतः खपली पुन्हा नीट पाहिली आणि गोळ्या सुरू केल्या. रक्त आणि खपलीचा कण पेटीत घालून सुधीर संस्थेकडे निघाला.

सारजाबाई तिथेच राहिली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, चमच्याने पेज पाजली. तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाईचं अंग घामाने भिजलं आणि ताप उतरला. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि केस विंचरून दे म्हणाली. सारजाबाईने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि गुंता सोडवायला लागली. रत्नाबाई पाठमोरी होती. तशीच, तोंड न वळवता ती म्हणाली, "सारजे, त्या वक्ताला मी लई वंगाळ बोलले."

"व्हय, बोलला तुमी," सारजाबाई म्हणाली आणि विंचरत राहिली. माझं काही नाही, असं ती म्हणाली नाही. पण फणी हळू चालवत होती. जावेचं कपाळ अजून दुखरं होतं.

पट्टी कोरी का आली याचं उत्तर संस्थेत मिळालं. खपलीतल्या कणातून त्यांनी जिवाणूच्या अंगावरच्या प्रथिनाची जडणघडण वाचली आणि निषादने ती जगभरातून जमवलेल्या नमुन्यांशी संगणकावर ताडून पाहिली. मग त्याने सारजाबाईला बोलावून पडद्यावर दोन गुंते शेजारीशेजारी दाखवले. तो म्हणाला, या जिवाणूचा सदरा गावागणिक बदलतो, मावशी. तपासणीची पट्टी दुसरीकडचा सदरा बघून शिवलेली आहे. आपल्या डोंगरातल्याचा गळा वेगळा, बाही वेगळी, म्हणून ती त्याला ओळखत नसावी. एका माणसावरून हे ठरत नाही, अजून बरेच नमुने लागतील. पण मिळाले तर इथली तपासणी इथल्या सदऱ्यावरून बनवता येईल. सारजाबाईने दोन्ही गुंते नीट पाहिले आणि फरक कुठे आहे तिथे स्वतः बोट ठेवलं. निषाद म्हणाला, बरोबर.

नमुने मिळत गेले. त्या हंगामात अकरा आले, पुढच्या वर्षी तेवीस. नवी तपासणी अजून व्हायची आहे, अशा कामाला वर्षं लागतात. पण आरोग्य सेविकांच्या वर्गाला आता सारजाबाईला नेतात. तक्ता लावतात आणि मग प्राजक्ता बाजूला बसते. सारजाबाई बायकांना सांगते की तापाच्या माणसाला नुसतं कपाळाला हात लावून सोडू नका, सगळं अंग बघा. लुगड्याची गाठ सोडून बघा, लाजू नका. पहिल्या वर्गात त्या तरुण डॉक्टरने तिला विचारलं होतं, तुम्हाला हे कुठे बघायला मिळालं? सारजाबाई म्हणाली, "माझ्या लेकीला." मग तिने कमळची सगळी हकिगत सांगितली, डॉक्टर काय म्हणाले त्यासकट. त्या डॉक्टरांबद्दल ती वाकडं बोलली नाही. त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाली.

गेल्या दिवाळीत सारजाबाई आणि भिवाजी चार दिवस डोंगरावर राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रत्नाबाईने ओट्यावर चहा आणला. ती ठणठणीत झाली होती आणि पूर्वीसारखीच मोठ्याने बोलत होती. बोलता बोलता भिवाजी एकदम हसायला लागला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, कमळला लहानपणी र म्हणता यायचा नाही, ती वहिनीला लत्नाकाकी म्हणायची. सगळ्या वस्तीत हाका मारत फिरायची, लत्नाकाकी, म्हैस सुटली.

रत्नाबाईने चहाची कपबशी खाली ठेवली आणि पदराने तोंड झाकून हसता हसता रडायला लागली.

"लत्ना न्हाई," सारजाबाई म्हणाली. "नत्ना म्हनायची."

"लत्ना."

"मला इचारा की. नत्ना."

त्यावर दोघं बराच वेळ वाद घालत बसली. शेवटी भिवाजीने सुधीरला फोन लावून विचारलं. सुधीर म्हणाला, दोन्ही म्हणायची, आधी नत्ना, मग लत्ना. आणि र यायला लागल्यावर मुद्दाम म्हणायची, काकीला आवडतं म्हणून.